हद्दी, नावे आणि नोंदी : ठाणे-कल्याण पट्ट्यातील सॉफ्टवेअरचे रोजचे काम

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांत सॉफ्टवेअरच्या नोकरीवर चालणारी घरे आता गल्लोगल्ली आढळतात; तरीही त्या नोकरीत दिवसभर नेमके काय केले जाते, हे त्याच घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. संगणकासमोर बसून सतत काहीतरी नवे लिहिणे, असा या कामाविषयीचा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात कामाच्या तासांतील मोठा भाग पूर्वी कोणीतरी लिहिलेले वाचण्यात, ते तसे का लिहिले असावे याचा शोध घेण्यात आणि बाहेरच्या जगात झालेला एखादा बदल, आधीचे काही न मोडता, त्या जुन्या लिखाणात उतरवण्यात जातो. या अंकाच्या ‘काम’ या विषयसूत्राच्या निमित्ताने या पट्ट्यातील सॉफ्टवेअरचा व्यवहार पाहिला असता एक गोष्ट वारंवार समोर येते : गावाची हद्द, माणसाचे नाव लिहिण्याची पद्धत, कराचा नियम किंवा विजेचा पुरवठा बदलतो, तेव्हाच सॉफ्टवेअरची खरी परीक्षा होते, आणि ही परीक्षा ठाणे जिल्ह्याइतकी कसून घेणारा प्रदेश क्वचितच सापडेल.

वागळे इस्टेटचे नवे कारखाने

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १९६२ साली झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. लेथ, प्रेस आणि रंगकामाच्या शेडमधून ज्या रस्त्यांवर पाळ्या सुटत असत, त्याच रस्त्यांवर आता काचेच्या भिंतींचे आयटी पार्क उभे आहेत. पोखरण रस्ता क्रमांक दोनवर आणि घोडबंदर रस्त्यावरील हिरानंदानी इस्टेटमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची मोठी संकुले आहेत, आणि २००४ साली ठाणे-वाशी हा ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाल्यापासून ऐरोली आणि त्यापलीकडची कार्यालये डोंबिवली-कल्याणकरांच्या रोजच्या टप्प्यात आली आहेत. सकाळी ठाणे स्थानकात कल्याणच्या बाजूने आलेल्या गाडीतून उतरून ट्रान्स-हार्बरच्या फलाटांकडे निघणारी पाठीवरच्या काळ्या पिशव्यांची रांग हे या नव्या कामगारवर्गाचे रोज दिसणारे रूप होय.

या मोठ्या कंपन्यांच्या सावलीत एक दुसरेही जग आहे आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. वागळे इस्टेटमधील जुन्या औद्योगिक गाळ्यांत, डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात आणि कल्याणच्या संतोषी माता रोडसारख्या वस्त्यांत पाच-दहा माणसांच्या कंपन्या गृहनिर्माण संस्थांचे हिशेब, शाळांची फी, दवाखान्यांच्या नोंदी आणि पतपेढ्यांची खाती सांभाळणारी सॉफ्टवेअर तयार करतात. मोठ्या कंपनीत परदेशी ग्राहकाचे काम करणाऱ्या अभियंत्याला आपल्या चुकीचा परिणाम भोगणारा माणूस कधीच दिसत नाही. छोट्या कंपनीत मात्र चुकलेले बिल हातात घेऊन संस्थेचा खजिनदार जिना चढून वर येतो. चांगल्या सवयी कुठे लवकर लागतात असे विचारल्यास उत्तर या दुसऱ्या जगाच्या बाजूने द्यावे लागते.

वाचणाऱ्यासाठी लिहिणे

सॉफ्टवेअरचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मजकूर, यंत्र वाचते तसा माणूसही वाचतो. आणि यंत्राला नावांशी काही देणेघेणे नसले, तरी माणसाला असते. थकबाकीची रक्कम ज्या जागी साठवली आहे तिला नुसते ‘क्ष’ म्हटले काय आणि ‘मागील वर्षाची थकबाकी’ म्हटले काय, संगणक दोन्ही सारख्याच निमूटपणे चालवतो. परंतु दोन वर्षांनी तो कोड उघडणाऱ्या माणसाची सबंध दुपार या एका निवडीवर अवलंबून असते. म्हणूनच अनुभवी मंडळी नवख्याला पहिला सल्ला देतात तो नावांविषयीचा : नाव लांब झाले तरी चालेल, ते खोटे असता कामा नये. विलंब शुल्कासाठी केलेल्या जागेत पुढे दंड आणि व्याजही साठवू लागले आणि नाव मात्र जुनेच राहिले, तर कोणत्याही दोषाची नोंद न होता चुकीचे आकडे वर्षानुवर्षे छापले जातात.

दुसरी सवय बदलांच्या नोंदीची. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली आज जवळपास सर्वत्र वापरली जाते. कोडमधील प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कोणत्या ओळीत केला, हे ती जपून ठेवते. तो बदल का केला, हे मात्र तिला कळत नाही. ते माणसाने लिहावे लागते, आणि इथेच बहुतेक ठिकाणी आळस होतो. ‘दुरुस्ती’, ‘शेवटची दुरुस्ती’, ‘आता नक्की’ अशा शेऱ्यांनी भरलेला इतिहास कोणाच्याही उपयोगाचा नसतो. ‘एप्रिल महिन्यात भरलेल्या रकमेवर मार्चचे व्याज लागत होते, म्हणून तारखेची तुलना बदलली’ असे एक वाक्य लिहायला मिनिट पुरते, आणि ते लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावरही त्याच्या वतीने उत्तर देत राहते. नोकरी बदलण्याचे प्रमाण ज्या व्यवसायात इतके मोठे आहे, तिथे ही नोंद हा शिष्टाचार न मानता कामाचाच भाग मानला पाहिजे.

बदल मुख्य कोडमध्ये घेण्यापूर्वी दुसऱ्या सहकाऱ्याने तो वाचण्याची पद्धत ‘कोड रिव्ह्यू’ म्हणून ओळखली जाते. तिचा उपयोग चुका पकडण्यासाठी होतोच, पण त्याहून मोठा लाभ असा की, एकाच भागाची माहिती निदान दोन डोक्यांत राहते. ही पद्धत बिघडते ती दोन कारणांनी. एकतर बदल इतका मोठा असतो की वाचणारा कंटाळून ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. किंवा वाचणारा वरिष्ठ असल्याने त्याचे शेरे कोडवर न राहता माणसावर घसरतात. पहिल्यावर उपाय सोपा आहे : बदल लहान ठेवावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दुसऱ्यावर उपाय अवघड आहे, कारण तो तंत्राचा नाही. ज्या कार्यालयात कनिष्ठाने ‘सर, हे मला समजले नाही’ असे म्हणणे सुरक्षित असते, तिथेच तो लागू पडतो.

सत्तावीस गावांचा धडा

शहर बदलते तेव्हा सॉफ्टवेअरचे काय होते, याचे याच पट्ट्यातील सर्वांत बोलके उदाहरण कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीचे आहे. ही महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली, तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्यात होते. ती दोन्ही शहरे १९९२ साली वेगळी झाली. डोंबिवलीच्या पूर्वेकडील आणि शीळ-कल्याण रस्त्याच्या आसपासची, स्थानिक राजकारणात ‘२७ गावे’ या एकाच शब्दाने ओळखली जाणारी गावे २००२ मध्ये हद्दीबाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या ये-जा करणाऱ्या सीमारेषेच्या मागे लोकभावना, विकास आराखडा, पाणी आणि कर यांचे मोठे राजकारण आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या बाजूने मात्र त्यातून एकच अत्यंत व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : एखादे घर कोणत्या संस्थेच्या हद्दीत आहे, ही माहिती साठवायची कशी?

सरळ उत्तर असे वाटते की, प्रत्येक मालमत्तेच्या नोंदीत ‘संस्था’ नावाचा एक रकाना ठेवावा आणि हद्द बदलली की त्यातील मजकूर बदलावा. नवखा प्रोग्रामर हेच करतो आणि पहिली काही वर्षे काहीही बिघडत नाही. मग एखादा रहिवासी जुन्या थकबाकीचा उतारा मागतो; ज्या वर्षी त्याचे घर ग्रामपंचायतीत होते, त्या वर्षाची मागणी महानगरपालिकेच्या नावाने छापली जाते, आणि मूळ माहितीवर नवी माहिती लिहिली गेल्याने खरे काय होते हे शोधण्याचा मार्गच उरत नाही. यासाठी डेटाबेसच्या जगात, म्हणजे सुसूत्रपणे साठवलेल्या माहितीच्या जगात, कालावधीसह नोंद ठेवण्याची पद्धत आहे : हे घर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या संस्थेत, तमुक तारखेपासून त्या संस्थेत, आणि जुनी ओळ कधीही पुसायची नाही. कोणत्याही वर्षाचे बिल छापताना त्या वर्षी लागू असलेली ओळ वाचायची. या एका शिस्तीने हद्दीचा निर्णय फिरला, न्यायालयाने तो रद्द केला, किंवा मागील तारखेपासून लागू केला, तरी कोडला हात न लावता केवळ नोंदी वाढवून काम भागते. सातबारावरील फेरफार जसा जुना हक्क न खोडता नव्या नोंदीने पुढे जातो, तसाच हा व्यवहार आहे.

हा प्रश्न कल्याण-डोंबिवलीपुरता नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसईत २०१० साली जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर ठाणे जिल्हा असणे बरोबर आहे आणि २०१६ साली जन्मलेल्या त्याच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर पालघर असणेही बरोबर आहे. परंतु एकाच पत्त्याची दोन भावंडे दोन जिल्ह्यांची कशी, म्हणून एखादा उत्साही कर्मचारी किंवा एखादी आपोआप चालणारी तपासणी त्यांपैकी एक ‘सुधारून’ टाकू शकते. माहिती विसंगत दिसते तेव्हा ती चुकीची आहे असे गृहीत धरण्यापूर्वी तिच्या तारखेकडे पाहावे, हा नियम इथून निघतो.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचे नाव या संदर्भात आणखी एका कारणासाठी घ्यायला हवे. एकविसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, जेव्हा बहुतेक नगरपालिकांत संगणक हा टंकलेखन यंत्राचा पर्याय होता, तेव्हा या महानगरपालिकेने कर, पाणीपट्टी, जन्ममृत्यूचे दाखले आणि तक्रारी हे सारे एका प्रणालीत आणून नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर उपलब्ध केले. एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या कंपनीने ती प्रणाली विकसित केली आणि पुढे राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी तिचा नमुना म्हणून उपयोग झाला. त्या प्रयोगातील मोलाची गोष्ट यंत्रांची नव्हती. खिडकीमागच्या विभागांनी आपापल्या नोंदवह्यांतील भाषा एक केली, कामाचे टप्पे कमी केले आणि मग संगणक आणला. हा क्रम उलटला की महागड्या संगणकावर जुनाच गोंधळ अधिक वेगाने होऊ लागतो.

पत्त्यांची गोष्टही याच प्रदेशाला साजेशी आहे. मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे आणि डोंबिवलीतही आहे. नांदिवली नावाची दोन गावे डोंबिवली परिसरात असून महसुली कागदांत ती ‘तर्फे पाचानंद’ आणि ‘तर्फे अंबरनाथ’ अशा जोडाने वेगळी ओळखली जातात. गावाच्या नावावरून माहिती जुळवणारा कोड अशा ठिकाणी हमखास फसतो. संस्कृतचे जाणकार आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झालेली पिनकोड पद्धत सारख्या नावांच्या या अडचणीवरच उतारा होती : एका मानपाड्याचा पिन ४०० ने सुरू होतो, दुसऱ्याचा ४२१ ने. नावाने ओळखू नये, वेगळ्या क्रमांकाने ओळखावे, ही डेटाबेसची पहिली शिकवण वेलणकरांनी पोस्टमनच्या पिशवीत घालून दिली असे म्हणता येईल. मात्र क्रमांक दिसला म्हणून तो संख्या मानू नये. कल्याण-डोंबिवलीचा दूरध्वनी संकेतांक ०२५१ हा संख्या म्हणून साठवला की पुढचे शून्य गळून २५१ उरतो, आणि हे शून्य एक्सेलच्या तक्त्यांतून आजही रोज गळत असते. ज्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, ते सारे क्रमांक मजकूर म्हणून साठवावेत.

नावाचे रकाने आणि मराठी अक्षरे

महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने इतके अंगवळणी पडले होते की, ते बदलतील असे कोणाच्या मनातही आले नव्हते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने नोंदवले जाऊ लागले. सामाजिक दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच आहे. ज्या शाळांच्या आणि दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव तीन तुकड्यांत घट्ट बसवले होते, त्यांना मात्र प्रत्येक पडदा, प्रत्येक छापील पावती आणि प्रत्येक शोध पुन्हा तपासावा लागतो. आडनाव न लावणारे, एकाच शब्दाचे नाव असणारे, दक्षिणेकडून येऊन डोंबिवलीत स्थायिक झालेले आणि आद्याक्षर आधी लिहिणारे नागरिक पूर्वीही या तीन रकान्यांत कसेबसे कोंबले जात होतेच. पूर्ण नाव ती व्यक्ती जसे लिहिते तसे एका रकान्यात अखंड ठेवावे आणि कायद्याने मागितलेले तुकडे त्याच्या जोडीला वेगळे ठेवावेत, हा मार्ग तुलनेने कमी त्रासाचा ठरतो.

नाव मराठीत साठवायचे म्हटले की प्रश्नांची दुसरी रांग लागते. युनिकोड ही जगातील लिप्यांना एकेक संकेत-क्रमांक देणारी व्यवस्था असून तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. तथापि डोळ्यांना सारखे दिसणारे अक्षर तिच्यात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते. ‘ॲड.’ या संक्षेपातील पहिले अक्षर हे २००८ साली युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र अक्षर असू शकते, किंवा अ या अक्षरावर चंद्र चढवून केलेली जोडणी असू शकते; कागदावर फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द असल्याने एका पद्धतीने लिहिलेल्या वकिलाचे नाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातील रफाराचे मराठी रूपही असेच दोन वाटांनी लिहिले जाते. काही कळफलक ऱ हे वेगळे अक्षर वापरतात, तर काही साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे समान रूपे एक करण्याचा ठरलेला नियम, ही दोन्ही उदाहरणे सोडवत नाही. मराठीसाठी काम करणाऱ्या प्रत्येक संघाने स्वतःचा छोटा नियमसंच लिहून, नाव साठवताना आणि शोधताना तो सारखाच लावावा लागतो. आणि हे काम मराठी वाचणाऱ्यालाच सुचते, म्हणून त्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

अनुक्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या लगेच पुढे बसलेला आहे; परिणामी केवळ क्रमांकांनुसार लावलेल्या यादीत काळे हे कावळे यांच्या आधी येतात, आणि मराठी क्रमाने शोधणाऱ्या कारकुनाला ते सापडत नाहीत. युनिकोडच्याच भाषावार नियमांत मराठीचा योग्य क्रम दिलेला आहे, परंतु तो आपणहून लागू होत नाही, मागावा लागतो. लांबीचा हिशेबही तपासून पाहण्याजोगा आहे : ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे वाटते, युनिकोडमध्ये ते दहा संकेतांचे होते आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने साठवल्यास ३० बाइट जागा घेते. इंग्रजी नावांसाठी आखलेल्या अरुंद रकान्यात ते अर्धवट कापले जाते. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीचा ७० संकेतांतच संपतो आणि पुढच्या मजकुरासाठी दुसऱ्या संदेशाचे पैसे पडतात. या कारणासाठी मराठीला फाटा देऊन इंग्रजीत संदेश पाठवणाऱ्या संस्थांनी मजकूर नेटका करण्याचा प्रयत्न आधी केलेला दिसत नाही. सत्तर संकेतांत कराची रक्कम, मुदत आणि मालमत्ता क्रमांक व्यवस्थित मावतात.

३१ मार्चची मध्यरात्र

सर्व्हर, म्हणजे माहिती पुरवणारे मध्यवर्ती संगणक, बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे सव्वाबारा वाजता भरलेली रक्कम सर्व्हरच्या घड्याळात ३१ मार्चच्या सायंकाळी पावणेसातला जमा होते, आणि ती कोणत्या आर्थिक वर्षात धरायची याचा निर्णय चुकतो. क्षण जागतिक वेळेने साठवावा, पण ‘कोणता दिवस’ हा प्रश्न नेहमी भारतीय वेळेत विचारावा, एवढे पाळले तरी पुरते. वेळेइतकीच काळजी रकमेची घ्यावी : पैशांसाठी दशांश अपूर्णांकांची संगणकी पद्धत वापरू नये, कारण तिच्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. सगळी रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.

कळवा, पडघा आणि शुक्रवार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. टाळेबंदीमुळे घरून काम चाललेले असल्याने त्या दिवशी या पट्ट्यातील हजारो घरांतील पडदे एकाच वेळी काळे झाले. भिवंडी तालुक्यातील पडघ्याहून कळव्याकडे वीज आणणाऱ्या ४०० केव्ही वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद असताना भार दुसऱ्यावर गेला आणि तीही बंद पडली, हे त्या घटनेच्या मुळाशी होते. सॉफ्टवेअरच्या रचनेसाठी यातील बोध अगदी थेट आहे. दोन सर्व्हर ठेवले म्हणजे आपण सुरक्षित, असा हिशेब मांडताना त्यांपैकी एक दुरुस्तीसाठी काढला जाईल तो दिवस गृहीत धरला जात नाही. त्या दिवशी सारी व्यवस्था एकावरच उभी असते, आणि उरलेला एकटा सर्व्हर पूर्ण भार पेलतो का, हे आधी कोणी तपासलेले नसते.

बॅकअपचे, म्हणजे माहितीच्या राखीव प्रतीचे, असेच आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा राखीव प्रतींच्या पाच निरनिराळ्या व्यवस्थांपैकी एकही भरवशाने उपयोगी पडली नाही. योगायोगाने काही तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवरून काम सावरले आणि सुमारे सहा तासांची माहिती गेली. कंपनीने हे सारे उघडपणे प्रसिद्ध केले, ही तिची मोठी सेवा होय. प्रत घेतली जाते का, एवढे विचारून थांबू नये. त्या प्रतीवरून रिकाम्या संगणकावर सारे पुन्हा उभे करून शेवटचे कधी पाहिले, हे विचारावे. वागळे इस्टेटमधील पाच माणसांच्या कंपनीलाही महिन्याची एक दुपार यासाठी राखता येते.

नवी आवृत्ती सर्वांना एकदम देऊ नये आणि शुक्रवारी सायंकाळी तर देऊच नये, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि सर्वत्र मोडला जातो. १९ जुलै २०२४ हा शुक्रवारच होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभर एकाच वेळी पाठवलेल्या सदोष बदलामुळे विंडोज वापरणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आधी दहा ग्राहकांना, मग शंभरांना, मग सर्वांना, आणि प्रत्येक टप्प्यावर मागे फिरण्याची वाट मोकळी, एवढी साधी सावधगिरी पुरेशी असते. शिवाय रात्री उशिरा केलेल्या बदलानंतर शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल गाठायची असते, तेव्हा थकलेला माणूस तपासणीचा शेवटचा टप्पा गाळतो. याला निष्काळजीपणा म्हणून माणसाला दोष देण्यापेक्षा वेळापत्रक बदलणे अधिक न्याय्य आहे.

बोगद्यातील वापरकर्ता

मुंब्रा आणि कळव्यामधला पारसिकचा बोगदा १९१६ पासून वापरात असून त्याची लांबी सव्वा किलोमीटरहून अधिक आहे. गाडी त्यात शिरली की मोबाइलचे जाळे तुटते. वातानुकूलित कार्यालयात वेगवान इंटरनेटवर तपासलेले ॲप इथे कोरा पडदा दाखवते. सचिन टेके यांचे २०१० पासून लोकांच्या हातात असलेले एम-इंडिकेटर हे ॲप या मार्गावर इतके रुजले, त्यात वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असून जाळे नसतानाही दिसते याचा वाटा मोठा आहे. २०१४ अखेर मुंबईत सुरू झालेल्या रेल्वेच्या यूटीएस या तिकिटांच्या ॲपमध्ये पुढे कागदविरहित तिकीट आले, तेव्हा गाडीत बसल्यावर कोणी तिकीट काढू नये म्हणून रुळांपासून अंतराची अट घालण्यात आली. परंतु उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत काही मीटरची चूक सहज होते, आणि रुळांना चिकटून चाळी व दुकाने असलेल्या या पट्ट्यात प्रामाणिक प्रवासीही त्या अटीत अडकत असे. नियम लिहिणाऱ्याने ज्या जागी तो वापरला जाणार, तिथे गर्दीच्या वेळी उभे राहून पाहणे हा तपासणीचा भाग समजला पाहिजे.

माणसे, मुदती आणि नवी यंत्रे

काम लांबले की माणसे वाढवण्याचा मोह व्यवस्थापकांना होतो. आयबीएममध्ये मोठ्या संगणक प्रणालीचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसे घातली तर ते आणखी लांबते, कारण जाणकारांचा वेळ नवख्यांना समजावण्यात जातो. अर्ध्या शतकानंतरही ठाण्यातील कार्यालयांत हीच चूक होते. अंदाज देताना कामाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा दोन-तीन दिवसांपेक्षा मोठा ठेवू नये आणि ज्याविषयी काहीच माहिती नाही त्या भागाचा अंदाज देण्याऐवजी तो समजून घेण्यासाठी ठरावीक वेळ मागावा. प्रामाणिक अंदाजाची यापेक्षा चांगली रीत अद्याप सापडलेली नाही.

बिर्ला, पेंढरकर यांसारख्या महाविद्यालयांतून आणि डोंबिवली स्थानकाभोवतीच्या खासगी क्लासमधून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हातात आता कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आहेत. २०२१ मध्ये आलेले गिटहब कोपायलट आणि २०२२ च्या नोव्हेंबरातील चॅटजीपीटी यांनी या व्यवसायाची प्रवेशद्वारे बदलली, हे मान्यच करावे लागेल. ही साधने नेहमीचा कोड झपाट्याने लिहितात, अनोळखी भाषेतील मजकूर समजावून देतात, विसरलेली तपासणी सुचवतात. मात्र २७ गावांपैकी कोणते गाव कोणत्या तारखेला कोणत्या हद्दीत होते, कल्याणच्या खिडकीवरचा कारकून यादी कोणत्या क्रमाने शोधतो, हे कोणी सांगितल्याशिवाय त्यांना समजत नाही, आणि न समजलेल्या गोष्टीविषयीही ती तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात. म्हणून ज्याला आपण लिहिलेला कोड ओळ-ओळ समजावून सांगता येत नाही, त्याने तो ग्राहकाच्या संगणकावर चढवू नये, मग तो कोणीही लिहिलेला असो. शिकणाऱ्याने निदान पहिले वर्ष दोष शोधण्याचे काम स्वतःच्या हाताने करावे : दोष आधी हमखास पुन्हा घडवून दाखवावा, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि मदत मागताना काय अपेक्षित होते, काय झाले व आतापर्यंत काय करून पाहिले, हे लिहून मागावे.

या पट्ट्यातील बहुतेक वाचक सॉफ्टवेअर लिहीत नाहीत, पण त्यांतील अनेकजण ते विकत घेण्याच्या निर्णयात असतात, कारण घोडबंदर रस्त्यापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत बहुतेक इमारतींची गृहनिर्माण संस्था आहे आणि तिचे हिशेब कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतात. संस्थेच्या सचिव-खजिनदारांनी पुढील करार करण्यापूर्वी विक्रेत्याकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात : आपली सर्व माहिती कोणत्याही क्षणी साध्या, इतरत्र उघडता येईल अशा स्वरूपात मिळण्याचा हक्क, आणि वर्षातून एकदा राखीव प्रतीवरून सारे हिशेब समितीसमोर पुन्हा उभे करून दाखवण्याची अट. ३१ मार्चच्या आत हे करून घ्यावे.